सदतीस तोंडं, एक पत्ता

सातबोडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बत्ती आली २०३९ च्या जानेवारीत. निरंजना खोब्रागडेला तेव्हा तिथे परिचारिका म्हणून एकवीस वर्षं झाली होती. पूर्व विदर्भातला हा धानाचा मुलूख. गावाभोवती सात तळी, इकडच्या भाषेत बोड्या, म्हणून गाव सातबोडी. पाण्याची, भाताची, मासळीची तिथे वाण नव्हती. वाण होती ती डॉक्टरांची आणि रस्त्यांची.

एकवीस वर्षांत निरंजनानं पुष्कळ तोंडं पाहिली होती. पुरुष खर्रा खात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी दिवसभर गालात असे. बायका गुडाखू घासत. तंबाखू आणि गुळाची ती काळी लगदी बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर चोळत बसायचं. दात दुखायचा थांबतो, भूक मरते, भाताच्या रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकायला बळ येतं, असं त्या सांगत. मग कधीतरी गालात पांढरा चट्टा उठे, तो लाल होई, जखम होई. तरी माणूस दवाखान्यात येत नसे. घास गालातून बाहेर यायला लागला की येई. तेव्हा निरंजनाच्या हातात जखम धुणं आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगणं, एवढंच उरलेलं असे.

म्हणून मुखकर्करोग लवकर शोधायच्या सरकारी मोहिमेतून ही बत्ती आली तेव्हा ती मनापासून हरखली होती.

दिसायला ते यंत्र टॉर्चसारखंच होतं. त्यातून निळसर जांभळा प्रकाश पडे. निरोगी गालाच्या आतल्या त्वचेत काही द्रव्यं अशी असतात की तो प्रकाश पडला की ती फिकट हिरवी चमकतात. पेशी बिघडायला लागल्या की तिथली चमक विझते. डोळ्याला काही दिसायच्या कितीतरी आधी बत्तीच्या पडद्यावर हिरव्या गालात एक काळा डाग उमटतो. जोडीला लाळेची पट्टी होती. बिघडलेल्या पेशींच्या जनुकांचे तुकडे लाळेत सुटलेले असतात, पट्टी ते ओळखे. पण काळा डाग साध्या तोंड येण्यानंही पडतो, टोकदार दात घासूनही पडतो. म्हणून शेवटचा निवाडा यंत्रातल्या गणकाचा. तो डाग, लाळ, वय, व्यसन, पत्ता असं सगळं एकत्र करून शंभरपैकी एक आकडा सांगे. साठ किंवा त्याहून जास्त आला, की शहरातल्या रुग्णालयात गालाचा तुकडा काढून तपासायची वेळ आपोआप ठरे आणि मोहिमेची गाडी दारात येई. साठच्या खाली आला की हिरवी चिठ्ठी: वर्षानं पुन्हा दाखवा.

पहिल्या दोन महिन्यांत निरंजनानं सहाशे तोंडं तपासली. गाडी दोनदाच आली.

"चांगलंच आहे की, सिस्टर," डॉ. गेडाम म्हणाले. केंद्राचे ते एकटे डॉक्टर, कामानं पिचलेला भला माणूस. "आपण समजतो तेवढं गाव वाईट नाही."

निरंजनानं मान हलवली खरी, पण तिला ते पटलं नव्हतं.

मार्चमध्ये तिची मोठी बहीण विशाखा आली. विशाखाताई बावन्न वर्षांची, अंगानं काटक, बोलायला तिखट. चौदाव्या वर्षापासून ती रोवणीला जात होती आणि तेव्हापासूनच गुडाखू घासत होती. निरंजनाची शाळा आणि मग नागपुरातलं नर्सिंगचं शिक्षण तिच्याच मजुरीवर झालं होतं. निरंजनाच्या मनात आईच्या जागी ताईच होती.

बत्ती गालात गेली आणि पडद्यावर डावीकडे रुपयाएवढा काळा डाग उमटला. त्याच्या कडा ओबडधोबड होत्या. पट्टीही रंगली. गणकानं आकडा दिला: एक्केचाळीस.

"हिरवी चिठ्ठी ना?" ताई म्हणाली. "दे इकडं. तुह्या भाऊजीले दाखवतो. लय बोलते मले गुडाखूवरून."

त्याच दुपारी ताईच्या दिराच्या मुलीच्या लग्नाला आलेला एक पाहुणा हौसेनं तपासून घ्यायला आला. नागपुरात बँकेत अधिकारी, महिन्याकाठी चार-दोनदा खर्रा. त्याच्याही डाव्या गालात डाग होता, पण ताईच्या डागाच्या निम्मा. पट्टी जेमतेम रंगली. आकडा आला अडुसष्ट, आणि तिसऱ्या दिवशी गाडी त्याला न्यायला आली.

निरंजना संध्याकाळी केंद्र बंद करायच्या आधी यंत्रासमोर बसली. तिनं ताईची नोंद उघडली. वय तेच ठेवलं, व्यसन तेच, डाग तोच, लाळ तीच. फक्त 'कायमचा पत्ता' या चौकटीतलं सातबोडी पुसून तिथं नागपूर लिहिलं.

एक्केचाळीसचे त्र्याहत्तर झाले.

तिनं पुन्हा सातबोडी लिहिलं. एक्केचाळीस. पुन्हा नागपूर. त्र्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी तिनं हे डॉक्टरांना करून दाखवलं. गेडामांनी स्वतः दोन्ही पत्ते घालून पाहिले.

"सिस्टर, हे यंत्र नऊ लाख तोंडांवर शिकलंय. आपण किती पाहिली?"

"मोजली नाहीत, सर. पण जी गेली ती सगळी आठवतात."

गेडामांनी त्याच दिवशी मोहिमेच्या पुण्यातल्या कार्यालयाला पत्र पाठवलं. उत्तरादाखल पोच आली, क्रमांकासकट. तीन आठवडे गेले तरी दुसरं काही आलं नाही. हातानं शिफारस लिहून पाठवलेल्या चार रुग्णांना रुग्णालयानं परत पाठवलं: गणकाचा आकडा साठच्या खाली आहे.

मग निरंजनानं ठरवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं आजवरच्या सगळ्या नोंदी एकेक करून पाहिल्या आणि डाग बघून जिथं तिचा स्वतःचा जीव घाबरला अशा सदतीस निवडल्या. प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, की तुमचा पत्ता मी नागपूरचा लिहिते, तुकडा तपासायला जाल का? छत्तीस जण हो म्हणाले. गाडी फुकट, जेवण फुकट, आणि सिस्टर खोटं सांगणार नाही, एवढं त्यांना पुरे होतं. नागपूरचा तिला एकच पत्ता तोंडपाठ होता: शिकत असताना ती जिथं भाड्यानं राहायची ती खोली. तोच तिनं सदतीस वेळा लिहिला.

सदतीसावी नोंद ताईची होती, आणि ताईला विचारायची गरज आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

गाडी आली. छत्तीस जण दोन खेपांत गेले. ताई मात्र अंगणात धान पाखडत बसलेली होती, ती उठलीच नाही.

"ताई, चाल ना. सगळे बसले."

"कोणाच्या नावानं बोलावलं मले?"

"तुह्याच नावानं."

"आन् राहणार कुठची लिहिलं?"

निरंजनानं सांगितलं. ताईनं सूप खाली ठेवलं.

"मी सातबोडीची आहो, निरू. इथंच जलमलो, इथंच रोवणं केलं, इथंच मरन. मी नागपूरची काहून होऊ? सातबोडीच्या बाईचं दुखणं दुखणं नाई का?"

"ताई, तसं लिहिल्याबिगर यंत्र ऐकत नाई."

"त मंग यंत्राले ऐकायला लाव. तुले मी शिकवलं ते खोटे पत्ते लिवाले नाई. आन् मले त हिरवी चिठ्ठी भेटली. तुलेच माह्या गुडाखूची लाज वाटते, म्हणून हे सोंग."

"लाज? तुही?" निरंजनाचा आवाज चढला. "तू मेली त मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

ताईनं सूप उचललं. गाडीनं हॉर्न दिला आणि निरंजना अंगणातून एकटीच बाहेर पडली. त्यानंतर तीन-चार महिने दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ताई केंद्रासमोरून गेली तरी मान वळवून जाई.

जूनच्या शेवटी अहवाल आले. छत्तीसपैकी चौदा जणांच्या गालातल्या पेशी बिघडायला सुरुवात झाली होती आणि नऊ जणांना कर्करोग होता. पण तो अगदी पहिल्या पायरीवरचा, गाठ नखाएवढी. एकवीस वर्षांत निरंजनानं पहिल्या पायरीवरचा कर्करोग पुस्तकात पाहिला होता. गावातल्या माणसाच्या गालात कधीच नाही. नऊच्या नऊ जणांच्या शस्त्रक्रियेच्या तारखा लागल्या.

आणि पाठोपाठ चौकशी आली.

डॉ. मेधा पालेकर ही मोहिमेची संख्याशास्त्रज्ञ. गणकाचं गणित तिनंच बसवलेलं. चाळिशीच्या आतली, पायात चिखलाला न चालणारे बूट, हातात एक छापील यादी. ती पुण्याहून थेट सातबोडीला आली आणि गेडामांच्या खोलीत निरंजनासमोर यादी ठेवून म्हणाली, "सिस्टर, नागपुरात एका खोलीत सदतीस माणसं राहतात. सगळ्यांच्या तोंडात डाग. मला आधी वाटलं साथ आली."

गेडामांनी खाली मान घातली. निरंजनानं मात्र सरळ पाहिलं.

"पत्ते मी लिहिले, मॅडम. पत्ते खोटे आहेत, तोंडं खरी आहेत. छत्तीसचे अहवाल आलेत. आधी ते वाचा, मग माझं काय करायचं ते करा."

मेधानं अहवाल वाचले. एकदा वाचले, मग स्वतःचा संगणक उघडून त्याच छत्तीस जणांना खरा पत्ता घालून पाहिलं. नऊपैकी एकाचाही आकडा साठपर्यंत जात नव्हता. सर्वांत जास्त आला तो पन्नास.

"मी ते घातलं होतं," अखेर ती म्हणाली. बोलताना ती कुणाकडे बघत नव्हती. "विकासांक. लोकांचं उत्पन्न, शाळेत घालवलेली वर्षं, आयुष्य किती, या तिन्हींतून निघणारा आकडा. देशांचा असतो तसा आम्ही तालुक्यांचा काढला. जिथं विकास जास्त तिथं मुखकर्करोगाच्या नोंदी जास्त दिसत होत्या, कमी तिथं कमी. गणकानं ते उचललं."

"नोंदी कमी," निरंजना म्हणाली. "रोग नाही."

"हो."

"आमच्याकडे नोंद कशी होणार? माणूस शहरात पोचला तर नोंद. पोचायला गाडी लागते, सोबत जाणारं माणूस लागतं, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. बहुतेक जण घरीच मरतात. मरणाच्या दाखल्यावर लिहितात, अशक्तपणा."

मेधानं खुर्ची मागे सारली. ती उठून खिडकीशी गेली, परत आली. मग तिनं कागद ओढला आणि त्यावर दोन रेघा काढल्या. "हे बघा. मी एकच रेघ पाहिली, किती रोगी सापडले त्याची. ती विकासाबरोबर वर जाते, कारण तपासणारी माणसं वाढतात. दुसरी रेघ आहे सापडलेल्यांपैकी किती मेले त्याची. ती विकासाबरोबर खाली येते. सुधारलेल्या ठिकाणी शंभर सापडले तर बरेचसे जगतात, कारण लवकर सापडतात. मागासलेल्या ठिकाणी थोडे सापडतात आणि त्यातले बहुतेक जातात. दोन्ही रेघा एकत्र ठेवल्या असत्या तर मला हे दिसायला हवं होतं. माझ्या गणकाला रिकामी नोंदवही म्हणजे निरोगी गाव वाटलं." तिनं पेन खाली ठेवलं. "मी आजच विकासांक काढून टाकते."

"काढू नका," निरंजना म्हणाली.

मेधानं चमकून वर पाहिलं.

"काढलात तर यंत्र सगळ्यांना सारखं मापेल. पण आम्ही सारखे नाही ना, मॅडम. नागपूरच्या माणसाला आज हिरवी चिठ्ठी मिळाली आणि ती चुकली, तर तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आमच्या बाईला ती चिठ्ठी म्हणजे शेवटचा शब्द. यंत्रानं इथं आल्यावर म्हणायला पाहिजे, की या गावात आजवर कुणी नीट पाहिलेलं नाही, म्हणून मला खात्रीनं सांगता येत नाही, तुम्ही पाहा."

मेधाच्या चेहऱ्यावर, आल्यापासून पहिल्यांदा, उत्साह दिसला.

"म्हणजे एक आकडा द्यायचाच नाही. पल्ला द्यायचा. इतक्यापासून इतक्यापर्यंत. नोंदी जितक्या तुटपुंज्या तितका पल्ला रुंद. आणि गाडी पाठवायची ती वरच्या टोकावरून." ती गेडामांकडे वळली. "डॉक्टर, मला इथं राहायला जागा मिळेल?"

मेधा केंद्राच्या वरच्या खोलीत पाच आठवडे राहिली. बूट बदलून तिनं गावातून चपला घेतल्या. दिवसा ती निरंजनाबरोबर घरोघर जाई, बत्ती कशी धरायची ते शिके, आणि उरल्या वेळात गणित नव्यानं मांडे. पुण्यातल्या वरिष्ठांशी तिचे फोनवर खटके उडत. पल्ला रुंद केला तर गाड्या दुपटीनं लागतील, असं ते म्हणत. "लागू देत," ती म्हणे. "नऊ जणांचे फोटो पाठवू का? अजून जिवंत आहेत म्हणून काढता आले."

निरंजनावरही कारवाई झाली. खोट्या नोंदी केल्याबद्दल तिच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला. ठपक्याचं पत्र तिनं सही करून घेतलं आणि फायलीत लावून टाकलं. आपण केलं ते चूक होतं हे तिला मान्य होतं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करू, हेही तिला पक्कं माहीत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी नवा गणक सुरू झाला. निरंजना सकाळीच ताईच्या घरी गेली. अंगणात उभं राहून तिनं हाक मारली. ताई दारात आली.

"ताई, यंत्राले ऐकायला लावलं. पुण्याच्या मॅडम आल्या आहेत. तू स्वतः येऊन पाहा, कुठची लिहितो ते."

ताई पदर खोचून चालू लागली.

केंद्रात मेधानं स्वतः नोंद भरली. ताई तिच्या खांद्यामागे उभी राहून अक्षर न् अक्षर वाचत होती. नाव, विशाखा शेंडे. वय. गुडाखू, अडतीस वर्षं. कायमचा पत्ता, सातबोडी. बत्ती गालात गेली. पाच महिन्यांत डाग पसरला होता. पडद्यावर आकडा उमटला: सत्तेचाळीस ते शहाऐंशी.

"म्हणजे काय?" ताईनं विचारलं.

"म्हणजे यंत्राला नक्की माहीत नाही, मावशी," मेधा म्हणाली. "आणि माहीत नाही हे ते कबूल करतंय. म्हणून तुम्हाला जायचंय."

ताईनं निरंजनाकडे पाहिलं. "कबूल करते ना? मंग जातो."

गाडीत दोघी शेजारी बसल्या. अर्ध्या वाटेवर ताईनं तिचा हात धरला तो रुग्णालय येईपर्यंत सोडला नाही.

कर्करोग होता. दुसऱ्या पायरीवरचा. एप्रिलमध्ये गेली असती तर कदाचित पहिल्या पायरीवर सापडला असता, हे दोघींनाही समजलं. गालाचा एक भाग काढावा लागला, मांडीची कातडी तिथं लावली, मग किरणांचे उपचार. ताईचं तोंड आता दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. भात मऊ करून खावा लागे, आणि बोलताना काही अक्षरं घरंगळत. पण बोलणं मात्र तेवढंच तिखट राहिलं.

दोन वर्षांनी, २०४१ च्या सप्टेंबरात, जिल्ह्याच्या गावी आढावा बैठक झाली. नवे जिल्हाधिकारी तरुण होते, कामाला वाघ. त्यांच्यासमोर तालुक्यांचा तक्ता होता आणि सातबोडीच्या तालुक्याच्या ओळीवर त्यांनी लाल खूण केली होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षांपूर्वी या तालुक्यात वर्षाला मुखकर्करोगाचे अकरा रुग्ण होते. या वर्षी शहाऐंशी! वर्तमानपत्रात कर्करोगाचा तालुका म्हणून बातमी आली. एवढी यंत्रणा तिथं ओतली आणि तालुका सुधारायच्या ऐवजी बिघडला?"

गेडाम उठायला लागले, पण निरंजना आधी उठली.

"सर, शेजारची ओळ वाचता का? मृत्यूंची."

जिल्हाधिकाऱ्यांनी बोट सरकवलं. अकरांतले नऊ मेले होते. शहाऐंशींतले सात.

"ती पंच्याहत्तर माणसं तेव्हाही होती, सर. आम्हाला माहीत नव्हती. ती घरी मरत होती. आता ती धान कापतात, भांडतात, लग्नाला जातात. तालुका बिघडलेला नाही. तालुका दिसायला लागलाय. आणि आकडा अजून वाढेल."

"किती?"

"सगळी तोंडं पाहून होईपर्यंत. आम्ही दारोदार खर्रा-गुडाखू सोडवतोय. त्याचा परिणाम दिसायला दहा वर्षं लागतील. मग उतरेल."

जिल्हाधिकाऱ्यांनी लाल खूण खोडली नाही, पण पेनाचं टोपण लावलं. मग पानाच्या तळाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हा डोंगराकडचा तालुका बघा. पिंपळदरा. इथं मोहीम पोचलीच नाही, तरी रुग्ण शून्य. निदान हा एक तरी चांगला आहे."

निरंजना उभीच होती. काही क्षणांनी जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःच मान वर केली. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"केव्हा जाऊ शकता?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

पिंपळदऱ्याची वाट चार तासांची होती, त्यातली शेवटची दोन जंगलातून. निरंजनाबरोबर ताईही आली. तिला नको म्हणून सांगून बघितलं होतं, तिनं ऐकलं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी पसरली. बायका जमल्या, पण लांबच थांबल्या. तोंडावर पदर, नजर खाली. आम्हाला काही झालेलं नाही, एक म्हातारी म्हणाली. आमच्याकडे हा रोग नाहीच.

निरंजना काही बोलणार तोच ताई पुढे झाली. ती सतरंजीवर मांडी घालून बसली, म्हातारीला तिनं हाताला धरून समोर बसवलं आणि स्वतःच्या गालावरचा पदर बाजूला केला.

"आधी माह्यं पाह्य," ती म्हणाली, आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड तिनं उघडलं.